पाच वर्षांची मुदत

पाच वर्षांच्या कामगिरीवर रवाना झालेले एक सरकारी जहाज तिसरे वर्ष सरताच कायमचे तहकूब करण्यात आले, त्या हुकुमाची प्रत जहाजावरच्या चारशे तीस माणसांपैकी एकालाही बजावण्यात आली नाही, आणि कप्तान तर अखेरच्या दिवसापर्यंत आपली रोजनिशी नेमाने सांगत राहिला, ही हकीकत कोणत्याही महसुली दप्तरात शोभून दिसली असती. परंतु ती घडली अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर. जहाजाचे नाव एंटरप्राइज, कप्तानाचे नाव कर्क, आणि मालिकेचे नाव ‘स्टार ट्रेक’. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एन.बी.सी. या कंपनीने तिचा पहिला भाग दाखवला आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा. प्रत्येक भागाच्या आरंभी पाच वर्षांच्या मोहिमेचे जे अभिवचन कप्तान आपल्या भारदस्त आवाजात देत असे, त्यातली दोन वर्षे आजतागायत येणे बाकी आहेत. आपल्याकडेही तिसरी पंचवार्षिक योजना संपून चौथी सुरू न झाल्यामुळे नेमकी हीच तीन वर्षे, १९६६ ते १९६९, योजनांना सुट्टी देण्यात आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पाच वर्षांचे संकल्प त्या काळी पृथ्वीवर कोठेच धड चालत नव्हते, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

ज्याचे सारे आयुष्य वाळपईच्या तालुका कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात गेले, त्याने अंतराळाच्या भानगडीत पडावे हे आमच्या स्नेहीमंडळींना अद्यापि पटलेले नाही. परंतु ही भानगड मी ओढवून घेतलेली नसून ती सरकारनेच माझ्या घरी पाठवली होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका रविवारी सकाळी दाखवण्यास सुरुवात केली, आणि त्या काळी दूरदर्शन जे दाखवील ते पाहणे हे नागरिकाचे कर्तव्य समजले जात असे. सह्याद्रीच्या पायथ्याशी डोंगरांच्या कुशीत दडलेल्या आमच्या गावाला ती चित्रे पोहोचेपर्यंत त्यांचा दम उखडलेला असे. एकाने कौलांवर चढून काठी फिरवावी, दुसऱ्याने अंगणातून ओरडावे आणि तिसऱ्याने आत बसून ‘आले, आले, गेले’ अशी रुजवात घ्यावी, अशी तीन माणसांची नेमणूक असल्याखेरीज एंटरप्राइज दिसत नसे. त्यातही आमचा संच कृष्णधवल. पडद्यावर बारमाही हिमवर्षाव चाललेला असल्यामुळे पृथ्वीबाहेरील यच्चयावत ग्रह हिमाच्छादित आहेत, असे माझ्या धाकट्या चिरंजीवांचे कित्येक दिवस मत होते.

पुढे मालिका गेली, संच गेला, चिरंजीवही नोकरीनिमित्त दूर गेले, आणि एके वर्षी आमचा बोटीवर नोकरीस असलेला भाचा सुट्टीवर येताना मायामीच्या बंदरातून तीन प्लॅस्टिकच्या पेट्या घेऊन आला: एक पिवळी, एक निळी, एक तांबडी. प्रत्येक पेटीत एकेका वर्षाचे सर्व भाग तबकड्यांवर भरलेले, पहिल्या वर्षाचे २९, दुसऱ्याचे २६ आणि तिसऱ्याचे २४, मिळून ७९. ‘मामा, आता निवांत बघा,’ असे म्हणून तो मोकळा झाला; परंतु निवांतपणा इतक्या सुलभपणे मिळाला असता तर पेन्शनरांनी तक्रारी कशाच्या केल्या असत्या? पहिली तबकडी यंत्रात घालताच पडद्यावर असा मजकूर उमटला की, ही तबकडी या प्रदेशात चालणार नाही. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे, की चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी अवघ्या पृथ्वीचे सहा परगणे पाडले असून अमेरिका पहिल्या परगण्यात, तर आपला देश रशिया आणि बहुतेक आफ्रिकेसह पाचव्यात मोडतो, आणि एका परगण्याचा माल दुसऱ्यात चालू नये अशी यंत्राच्या पोटातच चौकी बसवलेली असते. १९६१ पूर्वी गोव्याच्या सरहद्दीवरून नारळ न्यायचा तरी दहा ठिकाणी झडती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या व्यवस्थेचे नवल वाटणार नाही. बाजारातल्या एका पोराने रिमोटवर काही आकडे लागोपाठ दाबले आणि ती चौकी उठवली. त्याने किती पैसे घेतले हे येथे सांगण्यात औचित्य नाही. असल्या कामांच्या पावत्या मिळत नसतात.

आणि मग प्रथमच मला ती मालिका रंगांत दिसली. यात किती महत्त्वाचा मजकूर दडलेला होता, हे कृष्णधवल संचावर पाहिलेल्या माणसालाच समजेल. एन.बी.सी. ही कंपनी रंगीत संच बनवणाऱ्या आर.सी.ए.च्या मालकीची होती, सबब तिला भडक रंगांचे कार्यक्रम हवेच होते; म्हणून जहाजावरच्या अंमलदारांना पिवळे सदरे, शास्त्रज्ञांना आणि वैद्यांना निळे, आणि यंत्रशाळेतल्या व पहाऱ्यावरच्या मंडळींना तांबडे. कप्तान, त्याचा दुय्यम स्पॉक, वैद्य मॅकॉय आणि कोणी एक तांबड्या सदऱ्याचा अनोळखी इसम असे चौघे एखाद्या परक्या ग्रहावर उतरले, की पहिल्या पाच मिनिटांत परलोकास कोण जाणार याविषयी रंगीत संचाच्या मालकाला शंकाच उरत नाही. रविवारच्या त्या सकाळी आम्ही मात्र चौघांचीही सारखीच काळजी करीत असू. त्या काळजीचा व्याजासह परतावा मागण्याची सोय नाही, याचा मला आजही विषाद वाटतो. हाताखालचा शिपाई साहेबाच्या पायी बळी जातो, साहेब क्षणभर गंभीर मुद्रा करतो आणि पुढच्या दृश्यात चहा घेतो, हा प्रकार कचेरीत इतक्या वेळा पाहिला होता, की त्यासाठी सदरा तांबडा असण्याची गरज असते हेच मला ठाऊक नव्हते.

कचेरीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या जहाजावरचा कारभार सरकारी नियमांच्या दृष्टीने अत्यंत गैरशिस्त आहे. जागेवर जाऊन पाहणी करायची असली की कप्तान स्वतः जातो. दुय्यमालाही बरोबर नेतो, वैद्यालाही नेतो, आणि जहाज त्या बिचाऱ्या स्कॉट नामक अभियंत्याच्या हवाली करतो. माझ्या उभ्या हयातीत ओहोळापलीकडे वाहून गेलेल्या बांधाची पाहणी करण्यास खातेप्रमुख, त्यांचे दुय्यम आणि तालुक्याचे आरोग्याधिकारी असे तिघे एकदम निघाल्याचे उदाहरण नाही. तिघांपैकी एक जरी निघाला असता तरी त्याची बातमी झाली असती. कप्तानाच्या रोजनिशीतल्या तारखांविषयी तर न बोललेले बरे. प्रत्येक भागाच्या आरंभी तो एक ‘तारा-दिनांक’ सांगतो. पिवळ्या पेटीतले भाग ओळीने पाहत असता मी सवयीने हे दिनांक एका वहीत उतरवू लागलो, तेव्हा आढळून आले की पुढच्या आठवड्याचा दिनांक मागच्याहून लहान आहे. भाग ज्या क्रमाने तयार झाले त्या क्रमाने ते दाखवले गेले नाहीत, हे त्याचे खरे कारण. परंतु माझ्या बारनिशीत जावक क्रमांक असा उलटा फिरला असता, तर माझी एक वेतनवाढ खात्रीने रोखली गेली असती.

मात्र काटकसरीच्या बाबतीत या मालिकेच्या कर्त्यापुढे मी टोपी काढतो. जीन रॉडनबेरी हा गृहस्थ महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता, पुढे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होता, म्हणजे सरकारी पैशाचा अनुभव त्याला होता. दर आठवड्याला जहाज नव्या ग्रहावर उतरलेले दाखवणे परवडत नाही असे दिसताच त्याने माणसांना चमचमत्या धुळीत विरघळवून थेट जमिनीवर उभे करण्याची युक्ती काढली. ती धूळ म्हणजे उजेडात उधळलेली ॲल्युमिनियमची भुकटी. मालिकेचा पहिला नमुनाभाग कंपनीने फार बुद्धिप्रधान म्हणून नामंजूर केला आणि दुसरा मागवला, तेव्हा त्या नामंजूर भागाची फीत रॉडनबेरीने जपून ठेवली आणि पहिल्याच वर्षी ‘मेनॅजरी’ नावाच्या जोडभागात तीच फीत कोर्टापुढचा पुरावा म्हणून वापरून घेतली. नामंजूर झालेला खर्च पुढच्या बिलात दुसऱ्या शीर्षाखाली मंजूर करून घेण्याची विद्या मी मोठमोठ्या अकाउंटंटांना साधताना पाहिली आहे, पण इतक्या सफाईने नाही. वैद्य मॅकॉय ज्या नाजूक उपकरणांनी शस्त्रक्रिया करतो ती तर चक्क मिठाच्या बाटल्या आहेत: एका भागासाठी नव्या धाटणीच्या मीठदाण्या विकत आणल्या, त्या मीठदाण्या म्हणून कोणी ओळखणार नाही अशी धास्ती वाटली, आणि वाया कशाला घालवायच्या म्हणून त्या दवाखान्यात जमा झाल्या.

तो भाग म्हणजे प्रक्षेपित झालेला पहिलाच भाग, ‘द मॅन ट्रॅप’. एका ओसाड ग्रहावर आपल्या जातीचा शेवटचा उरलेला एक प्राणी असतो, त्याला जगण्यासाठी मीठ लागते, आणि मीठ सरल्यामुळे तो माणसांच्या अंगातले मीठ शोषून घेऊन त्यांना ठार करतो. शेवटी वैद्य जड अंतःकरणाने त्याच्यावर अस्त्र चालवतो. आमच्या घरी हा भाग पाहताना माझ्या पत्नीने, जिचे माहेर पेडणे तालुक्यात आहे, मोठ्या कळकळीने विचारले, ‘अहो, त्याला मारलं कशाला? आगरवाड्याला आणून सोडायचा होता.’ आगरवाड्याची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या सूचनेतले शहाणपण कळेल. चारशे तीस माणसे, दोन विद्वान आणि एक संगणक यांपैकी एकालाही त्या प्राण्यास पोतेभर मीठ द्यावे असे सुचले नाही, हा त्या मोहिमेच्या नियोजनातला दोष मला त्याआधी कधी जाणवला नव्हता. याच पत्नीने जहाजाला हादरा बसताच खुर्च्यांवरून गडगडणाऱ्या अंमलदारांकडे पाहून, ‘चोर्ला घाटातल्या बसला धरायला दांडा तरी असतो,’ असाही शेरा मारला होता, आणि त्या शेऱ्याला मला आजवर उत्तर सापडलेले नाही.

परंतु सत्तरी-डिचोलीच्या माणसाने शांतपणे, दारे लावून पाहावा असा भाग एकच, ‘द डेव्हिल इन द डार्क’, प्रथम प्रक्षेपण ९ मार्च १९६७. एका ग्रहावर खाणी आहेत. खनिज भरपूर, मागणी मोठी, आणि अकस्मात जमिनीखालून कोणीतरी येऊन खाणकामगारांना जाळून मारू लागते. कप्तान येतो, शोध करतो, तेव्हा उलगडते की तो प्राणी, दगड पोखरत राहणारी एक होर्टा, आई आहे, आणि खाणवाल्यांनी निरुपयोगी गोळे समजून जे फोडून टाकले ती तिची अंडी आहेत. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या होंड्याच्या रस्त्यावरून मालाचे ट्रक अहोरात्र धावत असत, पिसुर्ल्यापासून साखळीपर्यंत झाडांची पाने तांबडी झालेली असत, आणि मांडवीतून बार्जी मुरगावकडे जात असत. नंतर २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरवल्यावर पुन्हा थांबल्या. खाणींविषयी आमच्या तालुक्यात इतकी घरे दोन्ही बाजूंना बांधलेली आहेत, की या विषयावर मत देणे म्हणजे कोणाच्या तरी दारातला चहा कायमचा गमावणे होय. तथापि पन्नास मिनिटांत त्या कप्तानाने जो तोडगा काढला तो नोंदवण्यास हरकत नाही: खाणवाल्यांनी अंड्यांना हात लावायचा नाही, होर्टेच्या पिलांनी बोगदे पोखरायचे, निघेल ते खनिज खाणवाल्यांनी उचलायचे. सारे खूश. मध्यंतरी जखमी होर्टेला बरे करण्याचे काम वैद्याच्या गळ्यात पडते, तेव्हा आपण वैद्य आहोत, गवंडी नव्हे, अशी कुरकूर करीत तो तिच्या जखमेवर चक्क काँक्रीट लिंपतो. आमच्या नशिबी आयोग आले, अहवाल आले, निवाडे आले. गवंडी तेवढा आला नाही.

हिंदुस्थानाविषयी या मालिकेची माहिती मात्र यथातथाच होती. ‘स्पेस सीड’ या भागात खान नूनियन सिंग नावाचा एक महाबलाढ्य पुरुष येतो. तो उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख असावा असे एक बाई त्याला पाहताच ठरवते, आणि ती भूमिका केली आहे रिकार्डो मोंतालबान या मेक्सिकन नटाने. हा खान १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागाचा अनियंत्रित सत्ताधीश होता, असे स्पॉक गंभीरपणे सांगतो. ही चारही वर्षे मी कचेरीत हजर होतो. दिल्लीस नरसिंह राव होते. सत्तांतराचे परिपत्रक आमच्याकडे आले असते तर त्याची आवक मीच केली असती.

आता मालिकेच्या मृत्यूकडे वळू. दुसऱ्या वर्षीच कंपनी ती बंद करणार अशी वार्ता पसरली, आणि बीजो ट्रिंबल ही चाहती व तिचे पती यांनी प्रेक्षकांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले; पत्रांचा असा लोंढा लोटला, कॅलिफोर्नियातले विद्यार्थी मशाली घेऊन कंपनीच्या दारावर असे चालून गेले, की १ मार्च १९६८च्या रात्री भाग संपताच कंपनीला पडद्यावरूनच जाहीर करावे लागले: मालिका चालू राहील, कृपया आता पत्रे पाठवू नयेत. अर्जदारांची विनंती मान्य करतानाच त्यांनी पुन्हा अर्ज करू नये असे बजावणारा हा हुकूम मला प्रशासकीय वाङ्मयातला एक सुंदर नमुना वाटतो. परंतु ज्यांना अर्ज मान्य करावा लागतो ते तो अंमलात आणताना आपला सूड उगवतात. कंपनीने मालिकेचा पैसा कापला आणि तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. त्या वेळी तरुण मंडळी घरात नसतात आणि वडील मंडळी झोपलेली असतात, सबब मालिका आपोआप मरेल, हा हिशेब. हा हिशेब गोव्यात चुकला असता. आमच्याकडे देवळाच्या उत्सवातल्या नाटकाची दहा वाजता पेटीही उघडलेली नसते; अकराला नांदी, साडेअकराला अध्यक्षांचे भाषण, आणि तिसऱ्या अंकात राजपुत्र तलवार उपसतो तेव्हा पदेर पाव घेऊन निघालेला असतो. समोरचे प्रेक्षक झोपी गेले म्हणून नाटक थांबवण्याची तजवीज आमच्या कोणत्याही मंडळाच्या नियमावलीत नाही. पेडण्याकडचा दशावतार तर मध्यरात्रीनंतरच तापतो. एन.बी.सी.चा एखादा अधिकारी एका रात्रीपुरता जत्रेला आला असता, तर एंटरप्राइजची पाच वर्षे पुरी झाली असती.

आणि ती पुरी झाली नाहीत हे उत्तम झाले, असे तांबडी पेटी पाहून संपवल्यावर माझे स्पष्ट मत बनले आहे. त्या तिसऱ्या वर्षाचा आरंभच ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाने होतो. परग्रहावरची एक स्त्री येऊन स्पॉकचा मेंदू काढून नेते, आणि मग कप्तान व वैद्य मिळून त्याचे मेंदूविरहित शरीर एका खटक्याच्या यंत्राने चालवीत मेंदूच्या शोधात हिंडवतात. चालणारे, वळणारे, थांबणारे, आणि चेहऱ्यावर काडीमात्र फरक न पडलेले ते शरीर पाहून मला कचेरीतल्या काही सद्गृहस्थांची आठवण झाली, हा भाग निराळा. पण दोन वर्षे ज्या मालिकेने माणसाला विचार करायला लावले, तिने असे करावे याचे दुःख होते. रॉडनबेरीने शुक्रवारच्या वेळेवर रागावून रोजच्या कामातून अंग काढून घेतले होते, पैसा नव्हता, आणि ते सारे दिसते: एकाच गुहेचे दगड निरनिराळ्या ग्रहांवर आपली हजेरी लावतात. चौथे आणि पाचवे वर्ष झाले असते तर हे ७९ भाग सव्वाशेच्या पुढे गेले असते आणि त्यांपैकी पन्नास असे असते. ज्यांनी मालिका मारली त्यांचा हेतू वाईट होता, अक्कल बेताची होती, आणि निकाल बरोबर होता. असे निकाल मी अनेक पाहिले आहेत.

कंपनीचे एक मात्र चुकले, ती थोडी थांबली नाही. शेवटचा भाग दाखवला गेल्यानंतर ४७ दिवसांनी माणूस खरोखरीच चंद्रावर उतरला, आणि ज्या देशाने घरबसल्या अंतराळ पाहायला रात्र जागवली त्या देशाच्या पडद्यावर एंटरप्राइजचा नवा भाग तेवढा नव्हता. पुढे लहानसहान केंद्रांनी हेच जुने भाग स्वस्तात विकत घेऊन रोज संध्याकाळी दाखवले, तेव्हा ज्यांनी ती मालिका पहिल्या खेपेस पाहिली नव्हती तीही पोरे वेडी झाली. १९७९ साली चित्रपट निघाला, आणि त्यानंतर तिच्या वंशाचा विस्तार इतका झाला की कुळांची नोंद ठेवणाऱ्या तलाठ्यालाही धाप लागावी. अमेरिकेच्या पहिल्या अंतराळविमानाला ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव ठरले असता चाहत्यांनी पुन्हा पत्रांचा लोंढा लोटून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडून ते ‘एंटरप्राइज’ करवून घेतले, आणि १९७६ साली ते समारंभपूर्वक बाहेर काढले तेव्हा मालिकेतली मंडळी समोर रांगेत उभी होती. ते विमान वातावरणातल्या चाचण्यांसाठी बनवलेले होते. अंतराळात ते कधीच गेले नाही.

आता एक खाजगी विनंती. निळ्या पेटीतील ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा भाग असलेली तबकडी एका स्नेह्यांनी नेली आहे. त्यात सरकारी कोठारातले सारे धान्य केसाळ, गोजिरवाणे प्राणी फस्त करतात आणि कप्तानाने कोठाराचे दार उघडताच धान्याऐवजी तेच त्याच्या डोक्यावर कोसळतात. धान्याच्या गुदामात नोकरी केलेल्या त्या स्नेह्यांना हा भाग पुन्हा पुन्हा पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि तुटीचे इतके निर्दोष स्पष्टीकरण आपल्याला वेळेवर सुचले नाही याची त्यांची हळहळही मी समजू शकतो. तथापि ती तबकडी त्यांनी चतुर्थीपूर्वी आणून द्यावी. चतुर्थीला भाचा सुट्टीवर येतो, आणि आला की आधी तो पेट्या मोजतो.